मधली चार घरं

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आज इटालियन ओपनिंगच्या दहा-बारा चाली तोंडपाठ असतात. तेरावी चाल समोरच्याने वेगळी केली की तोच मुलगा पटाकडे बघत बसतो, घड्याळ धावत राहतं, आणि शेवटी हाताला येईल ते प्यादं तो पुढे ढकलतो. तेरावी चाल चुकली याचं मला फारसं काही वाटत नाही. आधीच्या बारा चाली का केल्या, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, ते मात्र खुपतं. प्रस्तुत पुस्तक त्या ‘का’च्या मागे लागलेलं आहे.

ओपनिंग म्हणजे डावाचा पहिला टप्पा. मोहरे घरातून बाहेर काढायचे, किल्लेकोट करून राजाला आडोशाला न्यायचं, आणि पटाच्या मध्यावर आपला शब्द चालेल अशी व्यवस्था लावायची. हा टप्पा कुठे संपतो आणि मध्यडाव कुठे सुरू होतो, याची रेघ कुणी ओढलेली नाही. कधी तो आठव्या चालीला संपतो, कधी पंचविसाव्या चालीपर्यंत दोघेही पूर्वी छापून आलेलंच खेळत असतात. पांढऱ्याला पहिली चाल वीस प्रकारे करता येते आणि काळ्याला तिचं उत्तरही वीस प्रकारे देता येतं. दोघांची एकेक चाल होते न होते तोच चारशे वेगवेगळ्या स्थिती पटावर येऊ शकतात. पुढचा गुणाकार करण्यात अर्थ नाही. या अफाट रानातून माणसांनी पाचशे वर्षांत ज्या पायवाटा पाडल्या, त्यांना सिसिलियन, फ्रेंच, स्पॅनिश, किंग्ज इंडियन अशी नावं पडली. नवखा वाचक या नावांनीच घाबरतो. त्याला एवढंच सांगायचं आहे की नावं पुष्कळ असली तरी भांडण एकच आहे.

पटाच्या मधोमध चार घरं आहेत: डी४, ई४, डी५ आणि ई५. कोपऱ्यात उभा असलेला घोडा दोनच घरांवर मारा करतो. तोच मध्यावर आणून उभा केला की आठ घरांवर. मध्यावरून मोहरा दोन्ही बाजूंना लवकर पोचतो. त्यामुळे मध्य आपल्या ताब्यात असावा, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. दुमत आहे ते ताबा कशाला म्हणायचं यावर. तिथे प्यादी नेऊन उभी केली म्हणजे ताबा मिळाला? की लांबून, उंटाने आणि घोड्याने त्या घरांवर मारा ठेवला, तरी चालतं? समोरच्याला मध्यात घर बांधू द्यावं आणि मग त्याचा पाया खणावा, हे शहाणपण की आळस? प्रत्येक पिढीने याचं वेगळं उत्तर दिलं, आणि आपलंच उत्तर अंतिम आहे असं बहुतेकांना वाटलं.

या वादातली सर्वांत चमत्कारिक साक्ष १८५५ सालच्या मे महिन्यातली, कलकत्त्याची आहे. पांढरे मोहरे जॉन कोचरेन या स्कॉटिश बॅरिस्टरकडे होते. हा साधासुधा हौशी खेळाडू नव्हता. तरुणपणी त्याने पॅरिसला जाऊन देशापेल आणि ला बुर्दोने या त्या काळच्या धुरंधरांशी पट मांडला होता, १८२२ साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता, आणि पुढे लंडनच्या मुक्कामात हॉवर्ड स्टाँटनशी शेकडो डाव खेळला होता. आयुष्याची मोठी वर्षं त्याने कलकत्त्यात वकिली केली. तिथे त्याच्या कानावर आलं की मुफस्सिल भागात एक ब्राह्मण आहे, त्याला आजवर कुणी हरवलेलं नाही. हा माणूस म्हणजे मोहेशचंद्र बॅनर्जी. पुढे वर्षानुवर्षं दोघे खेळत राहिले, आणि त्यांचे पुष्कळ डाव नोंदले गेले म्हणून आज आपल्याला मोहेशचंद्रांचं नाव ठाऊक आहे.

तो डाव असा सुरू झाला: १ डी४ घोडा एफ६ २ सी४ जी६ ३ घोडा सी३ डी५. पांढऱ्याने मध्यावर हक्क सांगितला; काळ्याने आधी तो सांगू दिला आणि तिसऱ्या चालीला प्याद्याने धडक दिली. पुढे ४ ई३ उंट जी७ ५ घोडा एफ३ किल्लेकोट ६ सी प्याद्याने डी५ घेतलं, घोड्याने परत घेतलं ७ उंट ई२, आणि काळ्याच्या घोड्याने सी३ वरचा घोडा मारला. आठव्या चालीला पांढऱ्याने बी प्याद्याने तो घोडा घेतला, काळ्याने सी५ खेळलं. इथे क्षणभर थांबून पट पाहावा. पांढऱ्याची प्यादी मध्यावर ऐटीत उभी आहेत. पण जी७ वरचा काळा उंट लांब तिरप्या रेषेतून त्यांच्याकडे रोखून बसला आहे, आणि सी५ वरचं प्यादं डी४ ला कुरतडायला लागलं आहे. मोठा मध्य हे बळ, की मोठं लक्ष्य? आजच्या कुठल्याही ग्रँडमास्टरला या आठ चाली परक्या वाटणार नाहीत.

डाव मात्र मोहेशचंद्र हरले. चौदाव्या चालीला त्यांनी एफ८ वरचा हत्ती ई८ वर सरकवला आणि एफ७ चं प्यादं राजाच्या एकट्याच्या भरवशावर राहिलं. कोचरेनने बी३ वरच्या वजिराची तिरपी रेषा आणि जी५ वर आणलेला घोडा तिथेच रोखला. अठराव्या चालीला घोड्याने एफ७ मारलं. मग दुहेरी शह, वजिराचा जी८ वर बळी, आणि आपल्याच हत्ती, उंट व प्याद्याच्या गराड्यात कोंडलेल्या राजाला घोड्याने मात. बघायला फार देखणी मात आहे. पण ती ओपनिंगमुळे झालेली नाही, आणि हा फरक ओळखायला शिकणं या पुस्तकात वारंवार करावं लागणार आहे. डावाचा निकाल आणि ओपनिंगची गुणवत्ता या गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहिल्याशिवाय ओपनिंगचा अभ्यास होत नाही. हरलेल्या डावातली ओपनिंग टाकून देणारे आणि जिंकलेल्या डावातली डोळे मिटून उचलणारे, दोघेही सारखेच फसतात.

या डावानंतर ६७ वर्षांनी, १९२२ साली, व्हिएन्नाच्या स्पर्धेत एर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने तीच तिसरी चाल केली आणि अलेखिनला हरवलं. पाच वर्षांनी अलेखिन जगज्जेता झाला. बचावाला नाव ग्रुनफेल्डचं पडलं. मोहेशचंद्रांवर अन्याय झाला असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. ग्रुनफेल्डने ती कल्पना अभ्यासून, फाटे तपासून, पुन्हापुन्हा खेळून उभी केली. कलकत्त्यातला डाव तोवर विस्मरणात गेला होता. शिवाय मोहेशचंद्रांच्या वाट्याला जे आलं तेही लहान नाही. काळ्याने पहिल्या चालीला घोडा एफ६ वर काढून डी४ ला उत्तर दिलं की त्या सगळ्या घराण्याला ‘इंडियन’ म्हणतात, आणि हे नाव त्यांच्या कोचरेनबरोबरच्या डावांमुळेच रूढ झालं असं मानलं जातं. किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन, क्वीन्स इंडियन ही सगळी त्याच घराण्यातली.

मोहेशचंद्रांना हे सुचलं कसं, याचं उत्तर त्यांच्या प्रतिभेत जितकं आहे तितकंच ते शिकले त्या नियमांत आहे. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. राजा किल्लेकोट करत नसे. त्याला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे. प्यादं शेवटच्या घरी पोचलं की ते ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीच्या मोहऱ्याचं रूप घेई. प्रांतोप्रांती यात थोडेफार फरक होते. प्यादी सावकाश चालत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची गाठ लवकर पडत नसे. आधी आपली मांडणी पुरी करायची, उंट बाजूच्या घरात बसवायचा, मग भिडायचं, ही सवय अंगी मुरायची. युरोपीय नियम आले, प्यादं दोन घरं झेपावू लागलं, तरी ही सवय गेली नाही. युरोपात १८५५ साली सभ्य माणूस ई४ ला ई५ ने आणि डी४ ला डी५ ने उत्तर देत असे. जी६ खेळणारा गावंढळ समजला जाई.

नियमांचं हे स्थित्यंतर आपल्याकडेही चालू होतं. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं मूळ संस्कृतातलं बुद्धिबळाचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं, आणि ते युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेलं असल्याचं त्याच्या शीर्षकातच सांगितलं होतं. शंभर वर्षांनंतरही दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी नांदत होत्या. पंजाबातल्या मीर सुलतान खानने देशी पद्धतीवरच हात तयार केला होता. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस १९२९ साली विलायतेत गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकला; पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. हेस्टिंग्जच्या १९३०–३१च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवलं. त्याची ओपनिंग कच्ची होती, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. पहिल्या दहा चालींत तो मागे पडे आणि पुढच्या चाळीस चालींत ते भरून काढी. ओपनिंगचं पुस्तक लिहिणाऱ्याने सुलतान खानचे डाव अधूनमधून काढून बघावेत. आपल्या विषयाचं महत्त्व किती आहे आणि किती नाही, याचा अंदाज राहतो.

आता या प्रवासाचा थोडा नकाशा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजीर आणि उंट यांना आजची लांब झेप मिळाली, आणि ओपनिंग हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला. त्याआधीच्या अरबी खेळात दोघे खेळाडू आपापली ठरलेली मांडणी उभी करत, घाई नव्हती. वजीर मोकळा सुटल्यावर दहा चालींत मात होऊ लागली. १४९७ साली सालामांकात लुसेनाचं पुस्तक निघालं, १५६१ साली रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्र्याचं. त्याच्या नावाची ओपनिंग आजही जगज्जेतेपदाच्या सामन्यांत खेळली जाते. पुढचा दीर्घ काळ गँबिटचा: एखादं प्यादं, प्रसंगी मोहरा, उधळून द्यायचा आणि वेगाने राजावर तुटून पडायचं. १८५१ साली लंडनला आंडरसनने कीझेरित्स्कीविरुद्ध दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली, तो डाव या काळाचा मुकुटमणी. त्याचं सौंदर्य निर्विवाद आहे, पण ओपनिंगच्या दृष्टीने हा काळ मला तसा उथळ वाटतो. बचाव करणं कमीपणाचं मानत असल्यामुळे चुकीचे हल्लेही यशस्वी होत. अपवाद फिलिडोरचा. १७४९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने डावाचं सगळं बळ प्याद्यांच्या रचनेत आहे, असं बजावलं होतं. ते ऐकायला युरोपाला शंभर वर्षं लागली.

ते ऐकलं ते विल्हेल्म स्टाइनिट्झने. १८८६ साली झुकरटोर्टला हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. हल्ला प्रतिभेच्या लहरीवर अवलंबून नसतो, स्थितीतल्या छोट्या छोट्या फायद्यांची बेरीज झाली की हल्ला आपोआप उभा राहतो, हे त्याने खेळून दाखवलं. टाराशने त्याचे नियम बांधले: मध्य प्याद्यांनी व्यापा, मोहरे झटपट बाहेर काढा, एकच मोहरा दोनदा हलवू नका. शाळेच्या फळ्यावर शोभतील असे हे नियम आजही वर्गावर्गांत सांगितले जातात, आणि सांगावेतच. पहिल्या वर्षाला त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांच्याशी भांडण सुरू झालं पाहिजे. हे भांडण पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना, बुडापेस्टच्या बाजूच्या तरुणांनी उकरून काढलं. निम्झोविच, रेटी, ब्रेयर, टार्टाकोवर आणि ग्रुनफेल्ड यांना पुढे हायपरमॉडर्न म्हटलं गेलं. मध्यात प्यादी नेली की त्यांना राखावं लागतं. मग ती ओढ समोरच्यालाच लागू दे, असं त्यांचं म्हणणं. अलेखिनने तर ई४ ला घोडा एफ६ हे उत्तर गंभीरपणे खेळायला घेतलं: माझ्या घोड्याचा पाठलाग कर, प्यादी पुढे आण, म्हणजे ती मला मारायला सापडतील. रेटीने १९२४ साली न्यूयॉर्कला मध्यात प्यादं न नेता सुरुवात केली आणि आठ वर्षं एकही डाव न हरलेल्या कापाब्लांकाला हरवलं. ग्रुनफेल्ड बचाव हा या विचाराचा सर्वांत निर्भीड उच्चार आहे. निम्झो इंडियनमध्ये काळा निदान पांढऱ्याचं ई४ रोखून धरतो. इथे तो सरळ म्हणतो, घे सगळा मध्य, आणि मग तो टिकवून दाखव. कलकत्त्यात जे सवयीने घडलं होतं, ते व्हिएन्नात सिद्धांत म्हणून मांडलं गेलं. या दोन्हींच्या मधल्या जागेत हे पुस्तक उभं आहे.

सोव्हिएत काळात हा वाद प्रयोगशाळेत गेला. पेशाने इंजिनिअर असलेल्या बोटविनिकने ओपनिंग मध्यडावाशी जोडून अभ्यासली: अमुक मांडणीतून कोणता मध्यडाव निघतो, त्यात कोणतं प्यादं कमजोर राहतं, समोरच्याला तसली स्थिती मानवते का. युक्रेनच्या ब्रॉन्स्टाइन आणि बोलेस्लाव्स्कीने तोवर संशयास्पद मानलेल्या किंग्ज इंडियनमध्ये जीव ओतला; १९५३च्या झुरिच स्पर्धेवरचं ब्रॉन्स्टाइनचं पुस्तक वाचताना तो बचाव जणू डोळ्यांसमोर वयात येतो. अटलांटिकपलीकडे १९५६ साली तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध ग्रुनफेल्ड खेळून सतराव्या चालीला वजीर सोडून दिला आणि डाव जिंकला.

१९६६ साली बेलग्रेडहून ‘इन्फॉर्मेटर’ निघू लागलं आणि जगभरचे निवडक डाव, शब्दांऐवजी खुणांत केलेल्या टिपांसह, सर्वांना मिळू लागले. पाठोपाठ ओपनिंगचा विश्वकोश आला. सगळ्या ओपनिंग ए०० ते ई९९ अशा पाचशे कप्प्यांत बसवल्या गेल्या. ग्रुनफेल्डला डी७० ते डी९९ हे तीस कप्पे मिळाले. ज्ञान खुलं झालं, आणि त्याच क्षणी जे छापलेलं नाही त्याची किंमत वाढली. ‘नॉव्हेल्टी’, म्हणजे आधी कुणी न खेळलेली चाल, हे गुपित शस्त्र झालं. १९८६ साली लंडन आणि लेनिनग्राडमध्ये झालेल्या सामन्यात कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध ग्रुनफेल्ड धरला. सतरावा आणि एकोणिसावा डाव तो याच बचावात हरला, मधला अठरावाही हातचा गेला, आणि आपल्या चमूतूनच तयारी फुटल्याचा त्याला संशय आला. एक सहायक सामन्याच्या मध्यावर बाहेर पडला. जगज्जेतेपद कास्पारोव्हने राखलं. पण पहिल्या वीस चालींना किती मोल आलं होतं, हे त्या आठवड्यात जगाला कळलं.

चौदा वर्षांनी तो त्याच मोलाचा बळी ठरला. २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने दुसऱ्याच डावात त्याचा ग्रुनफेल्ड फोडला, आणि काळ्याकडून स्पॅनिशमधला बर्लिन हा जुना, रूक्ष समजला जाणारा बचाव असा काही लावला की अख्ख्या सामन्यात कास्पारोव्हला एकही विजय मिळाला नाही. तयारीच्या या युगात आपल्याला सर्वांत जवळचा माणूस विश्वनाथन आनंद. २००८ साली बॉनमध्ये त्याने नेहमीचं ई४ बाजूला ठेवून क्रामनिकला डी४ ने गाठलं, आणि काळ्याकडून एकाच तयारीवर तिसरा आणि पाचवा असे दोन डाव जिंकले. २०१० साली सोफियात टोपालोव्हविरुद्ध पहिल्याच डावात मात्र ग्रुनफेल्ड त्याच्या अंगाशी आला. तयारी केलेल्या फाट्यातल्या चालींचा क्रम उलटसुलट झाला आणि तिसाव्या चालीपर्यंत डाव आटोपला. जगज्जेत्याची स्मृतीही ऐन वेळी दगा देते. सामना आनंदने शेवटच्या डावात, तोही काळ्याकडून, एका सनातनी बचावाने खिशात टाकला.

यंत्रांबद्दल थोडक्यात. १९९७ साली डीप ब्लूने कास्पारोव्हला शेवटच्या डावात एकोणीस चालींत हरवलं, ते ई६ वर घोड्याचा बळी देऊन. हा बळी यंत्राने शोधला नव्हता. माणसांनी तो त्याच्या ओपनिंगच्या साठ्यात भरून ठेवला होता. डिसेंबर २०१७ मध्ये अल्फाझीरोची बातमी आली तेव्हा चित्र उलटं झालं होतं: त्याला फक्त नियम सांगितले गेले, ओपनिंग त्याने स्वतःशीच खेळून शोधल्या. त्याच्या डावांत कडेचं प्यादं मुक्तपणे पुढे धावताना दिसलं, आणि बघता बघता काळ्याने जी६ खेळताच पांढऱ्याने तिसऱ्या चालीला एच४ टाकणं ही फॅशन झाली. टाराशने ही चाल पाहिली असती तर पट उधळून दिला असता. ओपनिंगचं पाठांतर नकोसं झालेल्या फिशरने १९९६ साली मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडण्याची सूचना केली होती. अशा ९६० मांडण्या होतात. कल्पना मला आवडते, पण त्यामुळे ओपनिंग जात नाही, तिची नावं तेवढी जातात. मध्यावरची चार घरं तिथल्या तिथेच असतात.

मग आज, प्रत्येकाच्या खिशात ग्रँडमास्टरला हरवणारं इंजिन असताना, हा अभ्यास करायचा कशासाठी? २०२४ हे वर्ष डोळ्यांसमोर आणावं. टोरंटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्याच फेरीत, काळ्याकडून, घरून तयार करून आणलेल्या उंटाच्या बळीने नाकामुराला हरवलं. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकलं. एकात विदित होता, दुसऱ्यात नागपूरची दिव्या देशमुख. वर्षभराच्या आत, जुलै २०२५ मध्ये, दिव्याने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. आणि १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या चौदाव्या, निर्णायक डावात पांढऱ्याकडून खेळणाऱ्या डिंगने जी मांडणी निवडली ती उलटा ग्रुनफेल्ड होती: काळ्याचा बचाव, एक चाल जास्तीची घेऊन. डाव सुटला तो पंचावन्नाव्या चालीला, डिंगने हत्ती एफ२ वर आणला तेव्हा. तोवर ओपनिंग कधीच मागे पडली होती.

या यशामुळे महाराष्ट्रात गल्लोगल्ली वर्ग निघाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी, खाडिलकर भगिनींनी आणि प्रवीण ठिपसे यांच्या पिढीने जी मशागत केली, तिच्यावर हे पीक उभं आहे. पण स्पर्धेत पहिल्या तीन फेऱ्या जिंकायच्या म्हणून मुलांना सापळे आणि लंडन सिस्टिम शिकवून मोकळं होण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल मला शंका आहे. लंडन वाईट ओपनिंग नाही. समोरचा काहीही खेळो, डी४ आणि उंट एफ४ ही मांडणी बहुधा करता येते. नेमकी तीच अडचण आहे. समोरच्याकडे न बघण्याची सवय लागते.

म्हणून या पुस्तकाने एक हट्ट धरला आहे. सगळ्या ओपनिंग इथे नाहीत. ग्रुनफेल्ड हा कणा धरला आहे, आणि त्याच्या आधाराने बाकीच्यांकडे वळायचं आहे: पांढऱ्याने मध्य व्यापला तर काय, नाकारला तर काय, काळ्याने लगेच धडक दिली तर काय, थांबून दिली तर काय. सिसिलियनच्या नायडॉर्फसारखे फाटे, जिथे स्मृतीशिवाय पाऊल टाकता येत नाही, मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. त्यांच्यासाठी चांगले कोश आणि चांगली सॉफ्टवेअर आहेत. इथले डाव निवडताना विजेत्यापेक्षा वाद कोणता चालला आहे याकडे पाहिलं आहे, त्यामुळे जगज्जेत्यांच्या शेजारी फारशी कीर्ती न मिळालेले खेळाडू दिसतील, आणि हरलेल्या बाजूची कल्पना उचलून धरलेली अनेकदा आढळेल. इंजिनचं मत जिथे जुन्या टिपेच्या विरुद्ध गेलं तिथे तसं सांगितलं आहे. मात्र आकडा देऊन विषय संपवलेला नाही. पांढरा शून्य पूर्णांक तीनने पुढे आहे, हे वाक्य शिकणाऱ्याला काहीच सांगत नाही. पुढे आहे म्हणजे कोणतं घर त्याच्या हातात आहे, हे सांगावं लागतं.

वाचकाला मोहऱ्यांच्या चाली, किल्लेकोट आणि शह-मात एवढं येत असलं तरी पुरे. अठराशेच्या पुढे रेटिंग असलेल्याला सुरुवातीची पानं सोपी वाटतील. त्याने ती सोडली तरी हरकत नाही, प्याद्यांच्या रचनेवरचं विवेचन मात्र सोडू नये. चाली लिहिताना राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची मराठी आद्याक्षरं वापरली आहेत, प्याद्याला अक्षर नाही, आणि घरांची नावं सर्वत्र चालतात तीच ठेवली आहेत. प्रत्येक डावात दोन-तीन ठिकाणी पुढची चाल मुद्दाम पान उलटल्यावर दिली आहे. तिथे खराखुरा पट मांडावा, आपली चाल कागदावर लिहावी आणि शेजारी एका वाक्यात तिचं कारण लिहावं. चाल चुकली तरी चालेल, कारण रिकामं ठेवू नये. इंजिन त्यानंतर लावावं. पहिल्या वाचनाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेला बरा.